दोर सोडून बसा

पाटोद्याजवळच्या तलावाला यंदा काठोकाठ पाणी होतं. उतरत्या बाजूला वाळूचा चांगला रुंद पट्टा, आणि तिथंच लोकांना तलावात फिरवणाऱ्या अंजनाची मोटारीची होडी लागलेली. ऊसतोडीला निघायच्या आधी वर्षाराणीला एकदा होडीत बसवायचं, असं मनिषानं लेकीला कबूल केलं होतं. म्हणून ती, नवरा अंगद आणि चार वर्षांची वर्षाराणी सकाळीच येऊन पोचली होती.

अंजनानं तिघांना लाईफ जॅकेट चढवलं, एकेक पट्टा ओढून पाहिला. मग तिची नजर मनिषाच्या कमरेवर गेली. जुन्या साडीचा पिळून केलेला दोर तिथं बांधलेला होता आणि त्याचं दुसरं टोक वर्षाराणीच्या कमरेला होतं.

"ताई, हे सोडा आणि मग बसा."

"न्हाई सोडायची," मनिषा म्हणाली.

गेल्या साली उसाच्या फडात वर्षाराणी खेळता खेळता ट्रॅक्टरच्या चाकामागं जाऊन बसली होती. कुणीतरी ओरडलं म्हणून वाचली. त्या दिवसापासून घराबाहेर पाऊल टाकायचं, तर हा दोर आधी. त्याच्यामुळंच आपली पोरगी धडधाकट आहे, याबद्दल मनिषाला शंका नव्हती.

"अगं, सोड की! लोक हसायलेत," अंगद वैतागला. "पोरगी आणलीस का शेळी?"

"हसू द्या. ही पाण्यात पडली तर तुमी काढणार हाव का? तुमाला तर हिरीत उतरायचं म्हणलं की पोटात दुखतंय."

वर्षाराणीचा चेहरा रडवेला झाला. होडी समोर होती आणि चढायला मिळत नव्हतं. मागं माणसं खोळंबली होती. त्यातला एकजण ओरडलाच, "अंजनाबाई, कावून येळ लावायलाव?"

आता ही बाई डाफरणार, असं मनिषाला वाटलं. पण अंजनानं त्या माणसाकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"बांधलंय तसं राहू द्या," ती म्हणाली. "होडीत न्हाई, पण पाण्यात तर चला. हितं गुडघाभरच हाय."

तिघी पाण्यात उतरल्या. अंजनानं वर्षाराणीच्या पाठीखाली हात धरला. "हात पसर. आभाळाकडं बघ. काय दिसतंय?"

"घार!"

"बघत रहा तिच्याकडं." अंजनानं हळूच हात काढून घेतला. पोरगी पाण्यावर आडवी तरंगत राहिली.

"आई, मी बुडंना!"

मनिषाला हसू आवरेना.

"आता ताई, तुमी घसरून पडलाव असं समजा. खाली बसा."

मनिषा मटकन खाली बसली. दोर ताणला, वर्षाराणी कलंडली आणि तिचं तोंड पाण्याकडं गेलं. अंजनाचा तळहात तिच्या हनुवटीखाली आधीच होता. तरी थोडं पाणी नाकात गेलंच. पोरगी खोकली.

"जाकीट तिला वर उचलतंय," अंजना म्हणाली. "दोर खाली ओढतोय."

मनिषानं गाठीला हात घातला. ओली गाठ लवकर सुटेना. तेवढा वेळ अंजना नुसती उभी राहिली. घाई केली नाही, मदतीलाही धावली नाही. सुटलेला दोर तिनं पिळला, नीट गुंडाळला आणि मनिषाच्या पिशवीवर ठेवला. "फडावर लागंल," म्हणाली. आपल्याला येडी ठरवायची एवढी सोपी संधी हिनं घेतली नाही, हे मनिषाच्या ध्यानात आलं.

होडी निघाली. तलावाच्या मधोमध फोटो काढायला अंगद अर्धा उठला, तशी वर्षाराणी जोरात ओरडली, "पप्पा, खाली बसा! होडीत उठायचं नस्तंय!"

अंगद खाली बसला. अंजना मोटारीचा दांडा धरून खुदखुदत होती. तिच्या ओल्या, काळ्या हातांकडं मनिषा बघत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "आमी आता तोडीला चाललाव. उन्हाळ्यात माघारी आल्यावर हिला पवायला शिकवचाल का?"

"हिला एकटीला न्हाई. तुमी बी उतरायचं."

"या वयात? साडीवर?"

"साडीवर माझी आई पवायची."

"आन् मी?" अंगदनं विचारलं.

"तुमी काठाला चपला राखा," मनिषा म्हणाली, आणि अंजनाकडं वळली. "येतो मग. दोघी बी येतो."