पितरांच्या पानावर ऑडिटर

वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यावर आलं, तरी मणी ऑडिटर फोन उचलत नव्हते.

तंजावुरात कराचं काम बघणाऱ्या माणसाला सगळे ऑडिटर म्हणतात. ते नावाला असं चिकटून बसतं की त्या माणसाचं आडनाव काय, हे त्याच्या बायकोलाही आठवावं लागतं. मणीरावांचंही तसंच झालं होतं. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत जी काही मराठी बोलणारी घरं उरली होती, त्या सगळ्यांचे कागद त्यांच्याकडे. कुणाची पेन्शन, कुणाची तिरुवैयारुकडची शेती, कुणाच्या अमेरिकेतल्या मुलानं पाठवलेले पैसे, सगळं मणीरावांना ठाऊक.

विशालाक्षीनं आपले कागद चैत्रातच नेऊन दिले होते. आपले म्हणजे नवऱ्याचे. मुलाच्या लग्नात पाहुण्यांना नारळ आणि विडा घालून दिलेल्या पिवळ्या पिशव्यांतली एक उरली होती, तिच्यात बँकेचे कागद, पेन्शनचा कागद, मृत्यूचा दाखला आणि तालुका ऑफिसातून आणलेला वारसाचा दाखला घातला होता. वरून बंद ओढून दुहेरी गाठ मारली होती. ती गाठ सीतारामरावांची. ते ओरत्तनाडूच्या सब-ट्रेझरीत नोकरीला होते आणि तिथले कागदांचे गठ्ठे तसेच बांधत. लग्न झाल्यावर त्यांनी तिला पहिल्यांदा शिकवलं ते हेच. इतर नवऱ्यांनी सिनेमाला नेलं असतं.

रोज रात्री दिवा घालवण्याआधी सीतारामराव एक प्रश्न विचारायचे, "काही राहिलं नाही ना?" म्हणजे गॅस बंद, फाटकाला कुलूप, सकाळच्या दुधाचं भांडं बाहेर. तिनं "काही राहिलं नाही" म्हटलं की कूस बदलून झोपायचे. सगळं आयुष्य असं गेलं. गेल्या श्रावणात हॉस्पिटलच्या खाटेवर नाकात नळी असतानाही त्यांनी तेच विचारलं, आणि तिनं तेच उत्तर दिलं. पहाटे ते गेले.

आणि मग काही महिन्यांनी कळलं की राहिलं होतं. एप्रिलपासून जाईपर्यंतच्या त्या थोड्या महिन्यांचं त्यांचं कराचं रिटर्न वारसानं भरायचं असतं, आणि त्याआधी वारस म्हणून अर्ज करून मान्यता घ्यावी लागते, असं बँकेतल्या मुलीनं सांगितलं. विशालाक्षी काउंटरपाशी उभी होती. तिला एवढंच वाटलं, मी त्यांना खोटं सांगितलं. वर्ष पुरं व्हायच्या आत हे झालं पाहिजे. वर्षश्राद्धाला ते जेवायला येतील तेव्हा त्यांचं काही शिल्लक असता कामा नये.

यापलीकडे तिला वर्षभर काहीच वाटलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल आपला वाटत नाही, चिमटा घेतला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं सगळं अंग झालं होतं. लोक भेटायला आले, रडले, गेले. तिनं सगळ्यांना कॉफी दिली. सीतारामरावांचं कपाट तिनं उघडलं नाही. जड जाईल म्हणून नव्हे. उघडावंसं वाटलंच नाही.

फोन लागेना म्हणून ती शेवटी ऑफिसात गेली. भांड्यांच्या दुकानावर एक खोली, वर जायला अरुंद जिना. मणीराव तिला बघून खुर्चीतून अर्धे उठले.

"या वैनी, या! कॉफी सांगू?"

"नको. अप्लाय केलं का?"

"केलंय की! वारस म्हणून तुमचं नाव घातलंय. तिकडून अप्रूव्हल यायचं तेवढं. सर्व्हर म्हणजे काय वैनी, बसकण मारलेला बैल. उठला तर उठला, नाहीतर शेपटी पिरगाळत बसा."

"श्राद्ध पुढच्या आठवड्यात आहे."

"सरकारनं तारीख वाढवलीय. पेपरात वाचलं नाहीत? आरामात होईल."

"त्यांची तिथी वाढली नाही."

मणीरावांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, परत काढलं. "त्याआधी होईल. मी सांगतो ना."

ती जिना उतरली. हा माणूस लहान असताना सीतारामराव त्याला सायकलच्या दांडीवर बसवून कावेरीच्या काठाकाठानं तिरुवैयारुला गाणं ऐकायला न्यायचे. येताना तो दांडीवरच झोपायचा आणि सीतारामराव एका हातानं त्याला धरून सायकल मारायचे. हे तिनं लग्न होऊन आल्यावर सासूकडून ऐकलं होतं, इतक्यांदा की आता तिला ते पाहिल्यासारखं आठवे. अशा माणसावर रागवायचं म्हणजे कसं, ते तिला सुचेना. रिक्षात बसल्यावरही सुचलं नाही.

रविवारी मुलगा हरिप्रसाद होसूरहून आला, बायकोला घेऊन. कीर्तना सरळ स्वयंपाकघरात शिरली. हरीनं जेवण होताच लॅपटॉप उघडला.

"अम्मा, तुझ्या फोनवर ओटीपी येईल, तो वाच."

तिनं वाचला. तो बराच वेळ बघत राहिला.

"काही नाही इथे. अर्जच केलेला नाही. पेंडिंग नाही, रिजेक्ट नाही, काहीच नाही. खोटं बोलला तो तुझ्याशी!"

"बरं."

"बरं काय, अम्मा? मी आत्ता जाऊन पिशवी आणतो. मीच करतो."

"श्राद्धाआधी होईल?"

हरीनं नजर चुकवली. "नाही. आज अर्ज केला तरी मान्यता यायला दिवस लागतात."

"मग आता धावून काय करतोस."

तेवढ्यात शेषाद्री वाध्यारांचा फोन आला. घरचे सगळे विधी तेच करायचे. आवाज मोठा, फोन कानाला न लावताही ऐकू यायचा.

"अम्मा, एक अडचण. पितरांच्या जागी बसायला कुंभकोणमचे आचार ब्राह्मण यायचे होते, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तेव्हा मी मणी ऑडिटरना विचारलं. गोत्र वेगळं आहे, आदल्या दिवशीचा उपास पाळतात. हो म्हणाले. चालेल ना?"

विशालाक्षीनं विचारलं, "त्यांनी तुमचा फोन उचलला?"

"पहिल्या रिंगला!"

हरी उठून उभाच राहिला. "तो माणूस? अप्पांच्या जागी? त्याचे पाय मी धुवायचे? नाही सांग."

"हरी, बस." तिनं फोनवर हात ठेवला. "मणीच्या बापाच्या श्राद्धाला त्या जागी दर वर्षी तुझे अप्पाच बसले. एकदा तर अंगात ताप होता, तरी गार पाण्यानं आंघोळ करून गेले. पूर्वी गल्लीत इतकी घरं होती की कुणाला बोलवायचं नाही याच्यावर भांडणं व्हायची. आता गुडघा धड असलेला एक माणूस मिळत नाही. आणि श्राद्धाच्या घरात राग चालत नाही."

"तुला राग नाही आला?"

"तेच बघतेय," ती म्हणाली, आणि फोनवरचा हात काढला. "सेरी, चालेल वाध्यार. बसू दे त्यांना."

श्राद्धाच्या दिवशी ती आणि कीर्तना पहाटेपासून ओल्या लुगड्यांत चुलीपाशी होत्या. कच्च्या केळ्याची भाजी, कारलं, उडदाचे वडे, तिळाचे लाडू, आल्याची चटणी, खीर. विशालाक्षीचे हात आपोआप चालत होते. कीर्तनानं विचारलं, "अम्मा, जरा बसता का?" तर तिला आधी प्रश्नच कळला नाही.

मणीराव आले ते न बोलता. एरवी हा माणूस फाटकापासून बोलत यायचा. हरीनं त्यांचे पाय धुतले, पण मान खाली ठेवून. वाध्यारांनी त्यांना पितरांच्या पाटावर बसवलं, दुसऱ्या ब्राह्मणाला देवांच्या. "हरी, आता हेच तुझे वडील," वाध्यार म्हणाले. "नीट बघून घे." हरीनं पानाकडे बघितलं.

वाढणं झालं. विशालाक्षी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. मणीराव सगळं संपवत होते. एक शीत बाजूला टाकत नव्हते. कारलंसुद्धा. कारलं त्यांना लहानपणापासून आवडत नाही, हे त्यांची बायको कनकलता सगळ्या गावाला सांगत असे. कारलं सीतारामरावांना आवडायचं.

शेवटी वाध्यारांनी हरीकडून तो प्रश्न वदवला. तृप्त झालात का? देवांच्या पानावरचा ब्राह्मण लगेच म्हणाला, झालो.

मणीराव रिकाम्या पानावरून बोट फिरवत राहिले.

"मणीराव, म्हणा," वाध्यार म्हणाले.

"राहिलंय."

"अगं, खीर आण! खीर राहिली त्यांची!" वाध्यार ओरडले. कीर्तना धावत खीर घेऊन आली. मणीरावांनी पानावर आडवा हात धरला.

"खीर नव्हे. काम राहिलंय." ते मान वर न करता बोलत होते. "वैनी, मी अर्ज केलेला नाही. पिशवीच उघडलेली नाही."

"अहो, ते मागाहून बोला!" वाध्यार कासावीस झाले. "या पाटावर बसून असं म्हणायचं नसतं. तृप्त म्हणा आणि उठा. कावळे खोळंबलेत."

"या पाटावर बसलोय म्हणूनच तोंडातून निघत नाही, वाध्यार. सीताराम म्हणाला असता का? काम बाकी ठेवून?"

कीर्तना खिरीचं भांडं धरून उभी होती, ते कुठे ठेवावं तिला कळेना.

"नसते म्हणाले," विशालाक्षी दारातून म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत पान धरून बसले असते. आम्हांलाही बसवलं असतं."

हरीला हसू आलं. त्यानं ते ओठात धरलं, पण ते सगळ्यांनी बघितलं.

ती दोन पावलं पुढे आली. हातात अजून पळी होती. पाटावर मणीच होते, त्यांचं पोट, त्यांच्या घामेजलेल्या कपाळावरचं गंध. दुसरं कुणी दिसावं असं तिला वाटलं, पण दिसलं नाही. तरी वर्षभर जे उत्तर चुकलेलं होतं, ते द्यायची जागा हीच होती.

"राहिलंय हे खरं," ती म्हणाली. "हॉस्पिटलात मी काही राहिलं नाही म्हटलं, ते मला ठाऊक नव्हतं म्हणून. आता ठाऊक आहे. पण ते आता तुमच्याकडे नाही. वारस मी आहे, तालुका ऑफिसनं शिक्का मारून दिलंय. माझ्याकडे आलं ते, मी करीन. तुम्ही त्याच्यासाठी बसून राहू नका. उठा."

हे ती मणीरावांना म्हणाली की कुणाला, ते तिला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

मणीरावांनी पानावरचा हात काढला. "तृप्त झालो," ते म्हणाले.

वाध्यारांनी सुटकेचा श्वास सोडून पुढचे मंत्र एवढ्या वेगानं सुरू केले की हरीची धांदल उडाली. दक्षिणा आणि धोतर देताना मणीराव हात पुढे करेनात. "घ्यायला हवं, नाही म्हणता येत नाही," वाध्यारांनी दटावलं, तेव्हा घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा तो जिना चढली. पिशवी मणीरावांच्या मागच्या फळीवर होती, दुसऱ्या फायलींच्या वर, एकटी. गाठ जशीच्या तशी. खाली उतरवताना धूळ उडाली.

"दर वर्षी तो त्या खुर्चीत बसायचा," मणीराव म्हणाले. "एकेक आकडा माझ्याकडून परत वाचून घ्यायचा. मला वैताग यायचा, वैनी. मनात म्हणायचो, ऑडिटर मी की तू? या वेळी पिशवी काढली की त्या खुर्चीकडे बघायचो आणि परत वर ठेवायचो. मग तुम्ही विचारलंत आणि तोंडातून निघून गेलं, केलंय म्हणून. एकदा केलंय म्हटल्यावर..."

"त्यांचं कपाट मीही उघडलेलं नाही," ती म्हणाली.

मणीरावांनी फडक्यानं पिशवीवरची धूळ पुसली.

"पुढच्या वर्षी तुमचं स्वतःचं भराल ना इथे?"

"बघू," ती म्हणाली, आणि पिशवी काखेत घेऊन निघाली. तिनं माफ केलं नव्हतं, आणि तोडलंही नव्हतं. यापेक्षा जास्त त्या सकाळी तिच्याजवळ काही नव्हतं.

घरी हरी लॅपटॉप उघडून बसला होता. ती त्याच्यासमोर बसली आणि गाठ सोडायला लागली. ओल्या हवेत बंद फुगून गच्च बसला होता. तिनं नख घातलं, सुटेना. 

"कात्री आणू?"

"नको. कापायची नाही ती."

तिनं जोर लावला. गाठ थोडी हलली, आणि नख मुळापासून उलटं गेलं.

"अय्यो!"

ती बोट तोंडात धरून बसली. दुखत होतं. ठणका बोटातून मनगटापर्यंत चढत होता आणि डोळ्यांत पाणी येत होतं, थांबत नव्हतं. हरी लॅपटॉप सोडून तिच्याकडे बघत राहिला, कारण अप्पा गेल्यापासून त्यानं तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. कीर्तना हळद आणायला आत धावली.

"अम्मा, फार लागलं?"

"लागलं रे," ती म्हणाली. "फार लागलं."

मग पदरानं डोळे पुसून तिनं दुसऱ्या हातानं गाठ सोडवली, कागद बाहेर काढले आणि मांडीवर घेतले. सगळ्यांत वर मृत्यूचा दाखला होता.

"हं, विचार," ती म्हणाली. "काय काय पाहिजे? एकेक सांग. आणि लिहिलंस की मला परत वाचून दाखव."