सध्या बाहेरच झोप

लातूरच्या जुन्या मित्राचं, विरूपाक्षाचं पत्र खिशात घेऊन रेणुकादास नांदेडच्या तपासणी केंद्रातल्या बाकावर बसत होते, पुन्हा उठत होते. पत्र येऊन महिना होत आला तरी उत्तर गेलं नव्हतं. 'डॉक्टर स्टेंट टाका म्हणतो. स्कॅनमध्ये काहीतरी वाईट आहे म्हणे. सीडी पाठवतोय. तू वाचणारा माणूस, लिहून कळव. फोन करू नको. फोनवर तू नुसतं हं हं करतोस.'

पुतणी श्रद्धा इथं डॉक्टर होती. तिनं सीडी लावली. करड्या हृदयावर पांढरी कडी उमटली.

"काका, हा चुना, म्हणजे कॅल्शियम. त्यानं रक्तवाहिनीला चहूबाजूंनी धरलंय. नुसता स्टेंट टाकला तर पुरता उघडणार नाही. पुढं त्यात गुठळी होऊ शकते."

"म्हणजे टाकू नये?"

"टाकावा. आधी चुना फोडून. कुठं अडणार ते आधीच दिसलं, हे बरंच झालं की."

"फोडताना काही झालं तर?"

"वाहिनी फाटू शकते. क्वचित."

"मग नक्की काय लिहू?"

"नक्की असं यात नसतं. जन्मभर लायब्ररीत बसलात आणि एका ओळीला घाबरताय?"

ते एका ओळीलाच घाबरत होते. भूकंपानंतर लातूरहून विरूपाक्षानं असंच विचारलं होतं, भिंतीला तडा आहे, आत जाऊ का? रेणुकादासांनी पुस्तकं चाळून कळवलं, 'सध्या बाहेरच झोप.' विरूपाक्षानं अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं. पुढं जुनं घर पाडून तीन मजली इमारत उभी राहिली, खोल्याखोल्यांत क्लासची पोरं भाड्यानं भरली, त्याची बायको मल्लम्मा आत पंख्याखाली झोपू लागली. विरूपाक्ष शेडमध्येच. "आता आत झोप की," म्हटलं, तर हसून म्हणाला, "दासा, तसं तू लिहून कुठं कळवलंस?"

केंद्राच्या पायऱ्या उतरताना मल्लम्माचाच फोन आला.

"भावजी, ह्यांनी आपरेशनच्या कागदावर सही केलीच न्हाई. दवाखान्यातून माघारी आले. दासाचं पत्र येऊ दे म्हणत्यात. काल जिन्यात छाती धरून बसले, समदी पोरं खोळंबली."

"वहिनी, मला त्यातलं काय कळतं?"

"न्हाई कळलं तरी चालंल. लिहा तेवढं."

पोस्टात त्यांनी आंतर्देशीय पत्र घेतलं. आधीचे कागद 'जर' आणि 'कदाचित' यांनी भरून फाडले गेले होते. आता उभ्यानंच लिहिलं: 'विरूपाक्षा, सही कर. आधी चुना फोडून मगच स्टेंट टाकायला सांग. धोका आहे. तो कुठं आहे ते डॉक्टरांना दिसलंय, म्हणून कर म्हणतो. चुकलो तर मीच चुकलो. मी दवाखान्यात बाहेर बसेन. घरी आलास की आत झोप.'

पत्र हातानंच नेऊन द्यावं का? पण समोर बसलो की 'अजून एकदा विचारू' म्हणून आपणच ते खिशात घालू, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पत्र पेटीत ढकललं. लगेच दोन बोटं आत घालून पाहिली. हाताला काही लागलं नाही.

मग घरी जाऊन आणलेली चादर काखेत मारून ते लातूरच्या गाडीकडे निघाले. पोस्टमन येईपर्यंत शेडमध्ये दोघांना झोपायचं होतं.