नवीकोरी पक्कड

"हलू नकोस. जरा उजवीकडे कर. उजवीकडे म्हणजे माझ्या उजवीकडे."

मी खिडकीपाशी हातात पक्कड धरून उभी होते आणि आमचे हे कॉम्प्युटरसमोर बसून एकदा पकडीकडे, एकदा पडद्याकडे बघत होते. गॅसवर दूध ठेवलेलं. हात भरून आला होता. लग्नात फोटो काढतानाही मला कोणी इतका वेळ असं उभं केलं नव्हतं.

"अहो, दूध उतू जाईल."

"जाऊ दे. ऊन जाईल."

ऊन उद्या फुकट परत येतं, दूध येत नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात व्हायचं ते झालंच. पक्कड त्यांच्या मांडीवर टाकून मी पळाले. मागून हे कळवळून म्हणाले, "अगं, चमक हलली ना सगळी."

आता हे खूळ आमच्या घरात कसं शिरलं ते सांगते. आमचे हे पंप दुरुस्त करणारे. टाकीवरचे पंप, तळघरातले पंप, कुठे पाणी चढेनासं झालं की यांना बोलावणं. वस्तीत सगळे त्यांना पंपवालेच म्हणतात. गेल्या वर्षी खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, आता वजन उचलायचं नाही आणि वाकून जोर लावायचा नाही. पंपाच्या कामातून ही दोन वजा केली की उरतं काय, डोंबल?

पहिला महिना आराम झाला. पुढे मात्र रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावायला लागला. घरातले नळ यांनी इतके घट्ट आवळले की माझ्याने ते उघडेनात. चांगला चालणारा पंखा खाली उतरवला, तो परत चढवला तेव्हा कण्हायला लागला. मग माझ्या शिलाई मशीनला तेल घातलं, तेही असं सढळ हाताने की गिऱ्हाइकाच्या पडद्यांवर डाग पडले. त्या दिवशी मी नको ते बोलले. हे जिन्यात जाऊन बसले. मला राग आला होता तेवढंच वाईटही वाटलं. जन्मभर ज्या माणसाला लोकांनी दारात येऊन हाका मारल्या, त्याला आता कोणी हाक मारत नव्हतं, आणि त्याने ते कधी तोंडाने सांगितलं नसतं.

आमची लेक दोन गल्ल्या पलीकडे राहते. ती कॉम्प्युटरवर चित्रांचीच कामं करते. तिने नवा घेतला आणि जुना आमच्याकडे आणून टेबलावर मांडला. "बाबा, चित्रं काढा. यात चुकलं तर एक पाऊल मागे जाता येतं," म्हणाली.

"कितीही वेळा?"

"कितीही वेळा."

"पंपात ही सोय पाहिजे होती," हे म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. ते जे बसले ते बसलेच. आधी आधी गोल काढायला गेले की बटाटा व्हायचा. मी हसायचे. पण माणूस चिवट. पंप उघडताना जसे एकेक नट सोडवायचे, तसं एकेक बटण शिकत गेले. माझे नळ वाचले.

मग एक दिवस लेक बातमी घेऊन आली. बाजाराच्या टोकाला जो छापखाना आहे, तिथल्या मॅडमना घरगुती हत्यारांचा कॅटलॉग करायचा होता. फोटो काढले तर लोखंडावर नुसता दिव्याचा उजेड दिसायचा, म्हणून त्यांना हुबेहूब चित्रं काढणारं माणूस हवं होतं. "आधी एक पक्कड काढून दाखवा म्हणाल्यात. जमली तर पूर्ण काम तुमचं."

त्या संध्याकाळी यांनी दाढी केली. कुठे जायचं नसताना त्यांनी दाढी केलेली मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. तेव्हाच मला कळलं की हे काम यांना मिळायलाच हवं, नाहीतर हा माणूस पुन्हा जिन्यात जाऊन बसेल आणि या वेळी लवकर उठायचा नाही.

आणि मग पक्कड सुरू झाली. लेकीने युक्ती सांगितली होती की अर्धीच पक्कड काढायची, तिची नक्कल करायची, ती उलटी फिरवायची आणि पहिलीला जोडायची. तशी जोडली तर मधोमध घोडं पेंड खायला लागलं, कारण पकडीचा एक भाग दुसऱ्यावरून जातो आणि चित्रात दोन्ही एकमेकांत घुसले होते. ते सोडवण्यात दोन दिवस गेले. मग लोखंड प्लॅस्टिकसारखं दिसायला लागलं. हे फोनवर लेकीला विचारत बसले. ती म्हणाली, नुसता पांढरा देऊ नका, पांढऱ्याला चिकटून एक काळा पट्टा द्या. तो दिला आणि खरंच, पडद्यावर लोखंड आलं. मला भाजी चिरताना हात धरून दाखवायला आणलं.

सगळ्यात मजा लेअरची. काचेवर काच ठेवावी तसं त्यात असतं, प्रत्येक काचेवर एकच गोष्ट. गंज एका लेअरवर, ओरखडा दुसऱ्यावर. प्रत्येकीपुढे एक बारीकसा डोळा. तो मिटला की ती गोष्ट दिसेनाशी होते. हे मला रोज नवा डोळा दाखवायचे. "हा बघ, मिटला. हा बघ, उघडला." मीही दरवेळी "अय्या" म्हणायचे. संसारात असं म्हणावं लागतं.

शनिवारी आम्ही दोघं छापखान्यात गेलो. मी का गेले? तर हे म्हणाले, "तू चल, उगाच." यांच्या भाषेत त्याचा अर्थ भीती वाटतेय असा होतो. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सवयीने पक्कड खिशातच होती. पंपवाले पकडीशिवाय घराबाहेर पडत नाहीत. ती त्यांनी लग्नाच्या आधी घेतलेली. मी तिला थोरली सवत म्हणते.

मॅडम लेकीच्याच वयाच्या. चष्मा कपाळावर, हाताला शाई. चित्र त्यांनी आपल्या मोठ्या पडद्यावर उघडलं आणि त्या पुढे वाकल्या.

"काका, हे तुम्ही काढलंत?"

"हो."

"झकासच आहे. हात लावला तर हाताला गंज लागेल असं वाटतंय."

यांची मान ताठ झाली. मीही पदर सारखा केला.

"पण काका," मॅडम म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना, "ही पक्कड विकत कोण घेईल?"

मॅडमनी समजावून सांगितलं, आणि तेही अगदी चांगल्या शब्दांत. कॅटलॉग बघून दुकानदार माल मागवतात. माल नवा दिसायला हवा. इथे एक दात तुटलेला, सांध्याला गंज, दांडीला काळी चिकटपट्टी. ही तर मोडीत काढायची पक्कड झाली.

बाई बोलत होती ते शंभर टक्के बरोबर होतं. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कसं आलं नाही? हुबेहूब म्हटल्यावर यांनी आपली होती तशी काढली. पक्कड म्हणजे तीच. दुसरी पक्कड त्यांना ठाऊकच नव्हती.

"बरोबर आहे तुमचं," हे म्हणाले आणि उठायला लागले. माणूस मनाने जिन्यात पोचलासुद्धा होता.

"अहो, बसा," मी म्हणाले. "डोळे मिटा ना."

मॅडमना वाटलं काकूंना काहीतरी झालंय. पण यांना समजलं. ते परत बसले, माऊस हातात घेतला आणि पहिला डोळा मिटला. सांध्यावरचा गंज गेला.

"हा तळघरातला," हे म्हणाले, कुणाला उद्देशून नाही, आपलं असंच. "पाणी भरलं होतं. ही तिथेच राहिली सकाळपर्यंत."

दुसरा डोळा. पात्यावरचा काळा डाग गेला. "इथे ठिणगी उडाली. वीज बंद केलीय असं वॉचमन म्हणाला होता. केली नव्हती."

"बाई गं," मॅडम म्हणाल्या. मला ही ठिणगी आजच कळत होती. घरी गेल्यावर बघते, असं मी मनात म्हटलं.

तिसरा डोळा मिटला आणि तुटलेल्या दाताच्या जागी आख्खा दात आला. "दवाखान्याचा पंप. नट सुटतच नव्हता. शेवटी नट सुटला, दात गेला. पाणी चढलं मात्र."

मग राहिली चिकटपट्टी. तिथे हे जरा थांबले. "ही लेकीने गुंडाळलेली, शाळेत होती तेव्हा. तिरकी गुंडाळली. मी तशीच ठेवली." आणि मिटला तोही डोळा.

पडद्यावर लाल दांड्यांची नवीकोरी पक्कड उभी होती. मी तर बघतच राहिले. मी या घरात आले त्या दिवशी ती खिडकीत ठेवलेली होती आणि अशीच चमकत होती. मी तिला चांगली ओळखत होते. मला एकदम रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्हींची लाज वाटून मी छापखान्याचं यंत्र बघायला लागले.

"अहो काका, हीच तर पाहिजे होती," मॅडम म्हणाल्या. मग चष्मा खाली घेऊन त्यांनी पुन्हा निरखलं. "फक्त दांड्यांना हे खळगे कसले?"

"अंगठ्याचे."

"म्हणजे?"

"अंगठा टेकवायला. कंपनी देतेच की."

"दोन्ही दांड्यांना? एका माणसाला एका हातात किती अंगठे असतात, काका?"

हे बावचळले. "ते नक्कल उलटी फिरवली ना, म्हणून दोन झाले. दुसरा पट्टीखाली होता, माझ्या लक्षात आलं नाही. खरा एकच असतो."

"एकही नसतो," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खोक्यातून कंपनीने पाठवलेली नवी पक्कड काढली आणि यांच्यापुढे ठेवली. तिच्या दांड्यांवरचं रबर वरपासून खालपर्यंत सरळ होतं, कुठे खळगा नाही, काही नाही.

यांनी खिशातून आपली काढली आणि शेजारी ठेवली. मीही वाकून पाहिलं. आमच्या पकडीच्या लाल दांडीवर एक गुळगुळीत खोलगट जागा होती. इतकी वर्षं घरात असून मी ती बघितली नव्हती. यांनी अंगठा त्यात ठेवला. तो नेमका बसला.

मॅडम पकडीकडे न बघता यांच्या हाताकडे बघत होत्या.

"म्हणजे हा मीच पाडला होय," हे म्हणाले. आणि हसायला लागले. खांदा गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, सगळं अंग हलत होतं. "आणि मी कंपनीला दुवा देत होतो. म्हणायचो, काय विचार केलाय लोकांनी, अंगठ्याचीसुद्धा सोय केलीय."

मॅडम हसल्या, मी हसले, पलीकडे कागद कापणारा माणूस काय झालं म्हणून बघायला आला आणि त्याला सांगता सांगता आम्ही पुन्हा हसलो.

"चला, भरा आता ते खळगे," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या.

यांनी माऊसने खळग्याच्या तळाचा ठिपका पकडला आणि बाहेर ओढला. रेघ सरळ झाली. तसंच दुसऱ्या बाजूला. एवढंच काम होतं ते.

"सोमवारपासून येता का? हातोडी आहे, करवत आहे, पाने आहेत, सगळं खोकं पडलंय. सकाळी आलात तर बरं, खिडकीपाशी उजेड चांगला येतो."

"येतो की," हे म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मॅडमनी चहा मागवला आणि त्या फोनवर कुणाला तरी चित्राचं माणूस मिळालं म्हणून सांगायला लागल्या.

यांनी आपली पक्कड खिशात ठेवली आणि टेबलावरची नवी उचलली. उघडली, मिटली. सांधा आवळ होता. अंगठा त्या सरळ रबरावरून वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मग एका जागी थांबला, आणि यांनी तो तिथे दाबून धरला.

"होईल हळूहळू," ते म्हणाले.