दुसरा डोस

डॉक्टरीणबाईंनी कस्तुरीचं नाक दोन बोटांत धरलं, तोंड उघडताच चमचा आत रिकामा केला आणि हनुवटी वर उचलून धरली. पिवळं, तेलकट औषध गिळताना पोरगी शहारली. तीन वर्षांची असेल. उजव्या बुबुळावर शिजल्या भातासारखा पांढरा ठिपका बसला होता.

"उजवा गेला," डॉक्टरीणबाई कन्नडात म्हणाल्या, हळू, फक्त भाग्यलक्ष्मीला ऐकू जाईल असं. "डावा कोरडा पडतोय, पण वाचेल. आज एक डोस झाला. दुसरा उद्या, तिसरा पंधरा दिवसांनी. यातला एकही चुकवायचा नाही. गोवर निघाला तेव्हाच जीवनसत्त्व अ पोटात जायला हवं होतं. यांच्या शेडवर कुणी गेलं नव्हतं का?"

भाग्यलक्ष्मीनं पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला.

"मीच गेले होते, मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आनेकलच्या अंगणवाडीत भाग्यलक्ष्मीला एकोणीस वर्षं झाली होती. मंगळवार-शुक्रवार उपास, पहाटे देवीची पूजा, दिवा लावल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. दहा दिवसांपूर्वी औषधाची बाटली पिशवीत घालून ती नव्या इमारतीच्या मागच्या पत्र्याच्या शेडवर गेली, तेव्हा दारात कडुलिंबाचा डहाळा खोवलेला होता. आतून निलव्वा, कस्तुरीची माय, म्हणाली होती, "आई आलीया पोरीच्या अंगावर." गोवरात हाच डोस आधी द्यायचा, हे भाग्यलक्ष्मीला पाठ होतं. दर वर्षीच्या प्रशिक्षणात तीच ते इतरांना सांगायची. पण तिनं चपला काढल्या, उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले. "आधी आईला जाऊ दे. मग देऊ," म्हणाली आणि परत फिरली. नवव्या दिवशी ती पुन्हा गेली, तेव्हा पोरगी उजेडाकडे पाठ करून बसली होती.

दवाखान्याबाहेर निलव्वाचा नवरा पिराजी दोन बोचकी बांधून तयार उभा होता.

"चला, लवकर उरका. सहाला विजापूरची गाडी हाय."

"आज?" भाग्यलक्ष्मी थबकली. "उद्या दुसरा डोस आहे हिचा."

"यल्लम्माला चांदीचे डोळे बोललोय, अक्का," निलव्वा म्हणाली. पोरगी तिच्या खांद्यावर कलंडली होती. "पौर्णिमेच्या आत घालायचे. ती रागावलीया म्हणून तर हे झालं."

"पंधरा दिवसांनी जा ना. आई काय पळून जाते का?"

"असं तुम्ही म्हणताय?" निलव्वाच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "त्या दिवशी तुम्हीच म्हणाला, आधी आई, मग औषध. बाकीचे समदे औषधवाले बूट घालून आत शिरत्यात. तुम्ही तेवढ्या हात जोडलात. म्हणून तिनं एक डोळा ठेवला. मी यांना बी तेच सांगितलं."

भाग्यलक्ष्मी मागे वळली. ती आत गेली. उद्याचा डोस आजच बांधून द्या, म्हणून नर्स हर्षिताला विनवलं.

"आगल्ल, नाही जमणार, अक्का. डोस समोर पाजायचा, हातात द्यायचा नाही. चिठ्ठी देते, त्यांच्या गावच्या दवाखान्यात दाखवू दे." मग तिचा चेहरा पाहून म्हणाली, "उपास का आज? स्वल्प कॉफी तरी घ्या, चक्कर येऊन पडाल."

चिठ्ठी घेऊन ती बाहेर आली. निलव्वानं ती न बघताच कमरेला खोचली. पिराजीनं बोचकं डोक्यावर घेतलं.

"थांबा," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

दोघं थांबले.

"पहाटे मी पूजेला बसले होते." तिनं मंगळसूत्र मुठीत धरलं होतं. "आई मला म्हणाली, पोरीला हलवू नका. तीन वेळा औषध पोटात जाऊ दे, मगच माझ्या दारी आणा."

पिराजी हसला. "आई मराठीत बोलली का कन्नडात?"

"तिला सगळं येतं," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

निलव्वानं मात्र मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पोरीला खाली ठेवलं आणि तिथंच, दवाखान्याच्या पायरीपाशी, भाग्यलक्ष्मीच्या पायांवर डोकं टेकवलं. पाय मागे घ्यायला जागाच नव्हती. मागे भिंत होती.

त्या संध्याकाळी गाडी त्यांना न घेताच गेली. भाग्यलक्ष्मीनं घरी दिवा लावला, पण हात जोडताना तिनं देवीच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती अंगणवाडीत पोचली तेव्हा अंगणात रांग होती. शेडवरच्या चौदा-पंधरा बाया, काखेत पोरं, कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात हळदीकुंकू. हर्षिता बाटली घेऊन तिच्या आधीच आली होती.

"काय जादू केलीत हो, अक्का? मोहिमेच्या दिवशी चार पोरं मिळाली होती. आज एकेक आई पोराचं तोंड स्वतः उघडून धरतेय!"

एका बाईनं भाग्यलक्ष्मीचा हात धरून विचारलं, नवऱ्याची दारू सुटंल का. दुसरीनं काही न विचारता तिच्या कपाळाला कुंकू लावलं. भाग्यलक्ष्मी "आधी डोस घ्या, डोस" एवढंच म्हणत राहिली.

कस्तुरीचा नंबर आला. तिनं रडायला तोंड उघडलं आणि औषध आत गेलं. हर्षितानं मान डोलावली, "सरी, ठीक. दुसरा झाला." भाग्यलक्ष्मीनं पोरीच्या ओठावरचा ओघळ आपल्या पदरानं टिपला. डावा डोळा मिचकावत पोरगी तिच्या तोंडाकडे बघत होती.

निलव्वा पुढे वाकली. हळूच, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं म्हणाली, "डावा तिनं औषधावर सोडला, ते कळलं. उजवा कधी देणार, तेवढं विचारा."

भाग्यलक्ष्मीनं तोंड उघडलं. मागून कुणीतरी रांग पुढे ढकलली.

"घाई न्हाई, अक्का," निलव्वा म्हणाली. "आम्ही थांबतो."

तिनं कस्तुरीला उचललं, भिंतीच्या सावलीत पदर पसरला आणि पोरीला मांडीवर घेऊन बसली. रांग संपली, हर्षितानं बाटली पेटीत ठेवून कुलूप लावलं, तरी ती उठली नाही.