आधी कोण धावले

विभागाचा नियम साधा होता, आणि साधा असल्यामुळेच निर्दय होता. संगणकशास्त्रात डॉक्टरेट करायला आलेल्याने आधी अभ्यासक्रम पुरे करावेत, मग लेखी परीक्षा द्याव्यात, आणि तिसरे वर्ष सरण्यापूर्वी तीन परीक्षकांसमोर उभे राहून आपले काम प्रबंधाच्या योग्यतेचे आहे हे पटवून द्यावे. या तोंडी परीक्षेला दोनदाच बसता येई. दुसऱ्यांदा नापास होणाऱ्याने टेबल रिकामे करून घरची वाट धरायची. अहवाल परीक्षकांच्या हाती पडल्यावर माघार घेतली, तर तीही नापासातच जमा.

घड्याळजी एकदा नापास झाला होता. आज दुसरी खेप होती.

हे नाव त्याला पहिल्या खेपेनंतर चिकटले. त्या परीक्षेत, ज्यांना विद्यार्थी पाठीमागे 'करवत' म्हणत त्या एका परीक्षकांनी, आवाज न चढवता त्याचा एकेक दावा कापत आणला होता आणि शेवटी विचारले होते, "हे तुम्ही मोजलंत, की मानलंत?" तेव्हापासून तो दिसेल ते मोजू लागला. लिफ्ट यायला किती वेळ लागतो, किटली उकळायला किती लागतो, हेसुद्धा. प्रयोगशाळेतल्या मित्रांनी बारसे उरकले.

त्याचे संशोधन सांगायला सोपे होते. कागदपत्रांच्या अफाट साठ्यातून हवा तो शब्द शोधून काढण्याची एक जुनी, सर्वमान्य पद्धत होती. त्याने नवी रचली होती, आणि ती जुनीच्या एक तृतीयांश वेळात काम उरकत होती. सारा अहवाल या एका तुलनेवर उभा होता.

परीक्षा दुपारी होती. तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीत विजेचे काही काम निघाल्याने पहाटे यंत्रे बंद करून पुन्हा सुरू केली होती. घड्याळजीने सकाळी येऊन, केवळ मनाच्या समाधानासाठी, एक मोजणी पुन्हा करायचे ठरवले. एरवी तो आपली ठरलेली आज्ञावली चालवी. ती आधी जुनी पद्धत चालवून मग त्याची चालवत असे. आज वेळ थोडा, म्हणून त्याने एकटी आपली पद्धत चालवली.

ती जुनीइतकीच रेंगाळली.

शेजारच्या टेबलावर त्याचा मित्र बसला होता. कुठल्याही विषयावर उलटतपासणी घेण्याच्या खोडीमुळे त्याला सगळे वकील म्हणत. त्याने मान वळवून पडद्याकडे पाहिले. "यंत्र आत्ताच उठलंय रे. अर्धवट झोपेतल्याची साक्ष ग्राह्य धरत नाहीत. परत चालव."

घड्याळजीने परत चालवली. या वेळी ती बाणासारखी सुटली. वकील समाधानाने आपल्या कामाकडे वळला. घड्याळजी मात्र पडद्याकडे पाहत राहिला. मग त्याने, आजवर कधी न केलेली गोष्ट केली. जुनी पद्धत मागाहून चालवली. तीही सुटली, आणि त्याच्या पद्धतीच्या अगदी पावलावर पाऊल टाकत पोहोचली.

जी पद्धत पहिली धावे, तिला सगळ्या फाइली डिस्कवरून ओढून आणाव्या लागत. यंत्र त्या फाइली आपल्या मेमरीत राखून ठेवी, आणि मागून येणारीला त्या आयत्या मिळत. त्याच्या आज्ञावलीत जुनी पद्धत नेहमीच पहिली होती.

"इतके महिने विहिरीतून पाणी उपसलं जुनीनं," तो म्हणाला, "आणि घागर भरल्याचं श्रेय घेतलं माझीनं."

वकिलाने सगळे ऐकून घेतले. मग तो उठला, दार लावून आला आणि हलक्या आवाजात युक्तिवाद मांडू लागला. पद्धतीची गणिती सिद्धता बरोबर आहे, ती कुठे खोटी ठरते? प्रचंड साठ्यावर, जिथे मेमरी पुरणारच नाही, तिथे ती खरोखर वेगवान असेलही. आज माघार म्हणजे नापास, आणि कबुली म्हणजेही बहुधा नापासच. "विचारलं तर खरं सांग. न विचारलेल्याचं उत्तर देण्याची सक्ती साक्षीदारावरसुद्धा नसते."

त्याचे म्हणणे लंगडे होते, पण घड्याळजीला त्या क्षणी तेवढीच काठी मिळाली. त्याच्या मार्गदर्शक बाई तिसऱ्या परीक्षक होत्या आणि दुसऱ्या गावाहून थेट परीक्षेलाच येणार होत्या. त्या आल्या तेव्हा खोलीचे दार उघडले होते आणि परीक्षक मंडळाचे अध्यक्ष आत बसले होते. "शांतपणे बोल," एवढेच त्या म्हणाल्या, आणि तो शांतपणे बोलला.

करवतींनी सिद्धतेची एकेक पायरी तपासली. त्याने फळ्यावर ती पुन्हा मांडून दाखवली. अध्यक्षांनी साठ्याच्या रचनेबद्दल विचारले. त्याचेही उत्तर जमले. मग दोन्ही पद्धतींच्या वेळांचा आलेख पडद्यावर आला. आधी कोण धावले, या एका प्रश्नाची तो वाट पाहत होता. तो यावा असेही वाटत होते आणि येऊ नये असेही. करवतींनी आलेख बराच वेळ न्याहाळला, चष्मा काढला आणि अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "या वेळी मोजून आलेत."

त्या खोलीत त्यांनी कुणाची याहून मोठी स्तुती केल्याचे कुणाला आठवत नव्हते.

मग रिवाजाप्रमाणे त्याला बाहेर जायला सांगितले. परीक्षक आत खल करतात, उमेदवार बाहेरच्या बाकावर बसतो आणि दार आतून उघडेपर्यंत थांबतो. कॉरिडॉरच्या टोकाला वकील उभा होता. त्याने लांबूनच भुवया उंचावल्या. घड्याळजीने नकारार्थी मान हलवली. कुणी विचारले नव्हते.

आतून बोलण्याचा अस्पष्ट आवाज येत होता. मग हसण्याचा आला, आणि त्यात बाईंचा आवाज ओळखू आला. तीन वर्षांत त्याने त्यांना असे मोकळे हसताना ऐकले नव्हते. तो उठला आणि त्याने दारावर टकटक केली.

त्या दारावर बाहेरून कुणी टकटक करत नसे. आतले हसणे थांबले. दार अध्यक्षांनी उघडले.

"माझ्या मोजणीत चूक आहे," तो म्हणाला, आणि उभ्यानेच सगळे सांगून टाकले. बाई आधी त्याच्याकडे पाहत होत्या. नंतर टेबलाकडे पाहू लागल्या.

"कधी कळलं?" करवतींनी विचारले.

"आज सकाळी."

"मग आत्तापर्यंत आम्हाला काय सांगत होतात?"

"जे मोजलं होतं ते. दोन्ही पद्धतींना यंत्र सारखंच कोरं मिळतं, हे मी मानलं होतं. ते मोजलं नव्हतं."

त्याला पुन्हा बाहेर पाठवले. या वेळी आतून हसणे आले नाही. एकदा खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि एकदा अध्यक्षांचा चढलेला स्वर. शेवटी बाई एकट्याच बाहेर आल्या आणि त्यांनी मागे दार ओढून घेतले.

"अध्यक्षांचं मत नापास करावं असं होतं, आणि नियम त्यांच्याच बाजूनं होता. करवत आडवे आले." बाईंनाही ते नाव ठाऊक असल्याचे त्याला प्रथमच कळले. "परीक्षा तहकूब. सत्र संपायच्या आत दोन्ही पद्धती नव्यानं मोजायच्या, मोठ्या साठ्यावर. तुझी खरंच वेगवान निघाली, तर पुढे. नाही निघाली, तर हीच दुसरी खेप धरली जाईल."

"बाई, मी तुम्हाला..."

"आपला लेख परिषदेकडे गेलाय. त्यात हाच आलेख आहे आणि खाली माझं नाव आहे. तो परत मागवायला चालले आहे मी." त्या दोन पावले जाऊन थांबल्या. "टकटक केली नसतीस, तर मला कधी सांगितलं असतंस?"

उत्तराची वाट न पाहता त्या चालू लागल्या.

जिच्याकडे तो राहत होता त्या थोरल्या बहिणीचा फोन आला. पास की नापास, एवढेच तिला हवे होते.

"अजून नाही, ताई."

"अजून नाही म्हणजे कुठलं नाही?"

"दोन्ही."

"बरं. मग आधी काहीतरी खाऊन घे. रिकाम्या पोटी दोन्ही वाईटच."

तो खाली तळघरात गेला. वकील तिथे आधीच येऊन बसला होता. त्याने सर्वांत मोठा साठा यंत्रावर चढवायला घेतला होता. हीच त्याची माफी होती. प्रत्येक धावेआधी यंत्र बंद करून नव्याने सुरू करायचे आणि पहिला मान कुणाचा हे नाण्याने ठरवायचे, असे दोघांत ठरले. वकिलाने नाणे उडवले. कौल नव्या पद्धतीला गेला.

पंखे घरघरू लागले. जिला आजवर सारे आयते मिळाले होते, ती पहिल्यांदाच आपले पाणी आपण उपसत होती. घड्याळजी बसला नाही. बऱ्याच वेळाने आकडा उमटला. मग यंत्र बंद झाले, सुरू झाले, आणि जुनीचा आकडा उमटला. नवी पुढे होती, पण केसभर. आणि केसभर अंतर निव्वळ योगायोगानेही पडते, हे दोघांना ठाऊक होते.

"लिहू का पुढे आहे म्हणून?" वकिलाने विचारले.

"नको," घड्याळजी म्हणाला. "बंद कर यंत्र. नाणं काढ."