अर्धा पांढरा रुपया

मित्रांनो, घरात कुठे बाटलीचे झाकण फिरवल्याचा आवाज झाला, की मी आजही दचकतो. तुम्ही म्हणाल, चांदीच्या जुन्या रुपयाला कसली आली भीती? चोराची का? नाही. चोर मला नेईल, पण आहे तसा तरी नेईल. मला भीती वाटते ती मला स्वच्छ करायला निघालेल्या माणसांची.

माझ्या अंगावर १९१८ साल कोरलेले आहे. माझा जन्म मुंबईच्या टाकसाळीत झाला. एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला फुलापानांची वेल. तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. एका शिपायाच्या पगारातून मी ग्वाल्हेरला आलो. त्याच्या बायकोने मला बाजार दाखवलाच नाही. जाड खाकी कागदात गुंडाळून तिने मला लग्नातल्या शालूखाली, पेटीच्या तळाशी ठेवले. ती गेली, तिची मुले म्हातारी झाली, तरी मी तिथेच होतो. अंधारात मला वाटायचे, आपण संपलो, आपल्याला सगळे विसरले.

पण त्या अंधारात माझ्यात काहीतरी घडत होते. चांदीला हवेतला आणि कागदातला गंधक लागला, की तिच्यावर अतिशय पातळ थर चढतो. घाई झाली तर तो नुसता काळा होतो. पण शंभर वर्षे निवांत मिळाली, तर त्यातून रंग उमलतात. माझ्या कडेला निळा आला, त्याच्या आत जांभळा, आणि राजाच्या गालावर सोनेरी. हे मला कोणी सांगितले नव्हते. सांगितले ते पुढे जगदेवरावांनी, ज्यांनी मला मरणाच्या दारातून परत आणले.

त्या शिपायाच्या पणतवंडांनी घर आवरताना पेटी रिकामी केली आणि मला सराफ्यातल्या दौलतसिंह यांच्या दुकानात विकले. तिथे मोडके पैंजण, वाकलेली जोडवी आणि तुटलेल्या वाट्यांबरोबर मी एका परातीत पडलो होतो. मागच्या खोलीत भट्टी पेटलेली होती. कारागीर परातीतून मूठभर चांदी उचलायचा, मुशीत टाकायचा, आणि मुशीतून पाण्यासारखे काहीतरी बाहेर यायचे. माझ्या शेजारचे पैंजण गेले. त्याला एकच घुंगरू उरले होते, ते जाताना वाजले. पुढची मूठ माझी होती.

इतक्यात हरिशंकरपुरम वसाहतीत राहणारे जगदेवराव दुकानात आले. वीज मंडळातून नुकतेच निवृत्त झाले होते, आणि जुनी नाणी जमवणे हा त्यांचा जुना नाद होता. त्यांनी परातीत पाहिले आणि म्हणाले, "हा रुपया जरा बघू."

"अरे साहब, वो तो काला पड़ गया है," दौलतसिंह म्हणाले. "गलाने का माल है. साफ वाला दिखाऊँ?"

"साफ नको. हाच बघतो."

त्यांनी मला दोन बोटांत, फक्त कडेने धरले. आजवर कोणी मला असे धरले नव्हते. दुकानाच्या पायरीवर उन्हात येऊन त्यांनी खिशातून भिंग काढले. मी घाबरलो. भिंगाखाली लपायला जागा नसते.

आधी त्यांनी झीज पाहिली. नाणे हातोहात फिरले, की त्याचे उंचवटे आधी झिजतात. राजाच्या मुकुटावरचे मोती, भुवई, दाढीचे केस आणि झग्यावरच्या साखळीतला इवलासा हत्ती, हे सगळे त्यांनी एकेक करून तपासले. हत्तीची सोंड शाबूत होती. मग त्यांनी मला सावकाश तिरपे केले. रंगांच्या खालून माझी मूळ चमक चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरली. शेवटी त्यांनी रंग पाहिला. काही लोक औषधे लावून, भाजून नाण्यांवर खोटे रंग चढवतात. खोटा रंग वर तरंगतो, एका जागी तुटतो. खरा रंग एकातून दुसऱ्यात हळूच उतरतो. मी खोटा ठरलो तर पुन्हा परातीतच जाणार, हे मला कळत होते.

भिंग खाली घेऊन जगदेवराव म्हणाले, "दौलतसिंहजी, हा गाळू नका. मी घरी नेतो."

तर असा मी वाचलो. त्यांच्या घरी सागवानी कपाटात एक उथळ खण होता. त्यात प्रत्येक नाण्याला कागदाचे वेगळे पाकीट. माझ्या शेजारी राणीच्या काळातला एक रुपया होता, गुलाबी आणि हिरव्या रंगाचा, माझ्यापेक्षा वयाने कितीतरी मोठा. रविवारी सकाळी जगदेवराव खण काढून खिडकीशी बसत. प्रत्येकाला उजेडात धरून त्याचे रंग मोठ्याने सांगत. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई शेजारी भाजी निवडत बसलेल्या असत.

"अहो, नाणी जमवायची तर चमकदार तरी जमवा नं," त्या म्हणत. "हे तर सगळे काळे पडून गेलेत."

जगदेवराव हसत. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत निर्धास्त वर्षे होती.

मग एका रविवारी त्यांनी मला उजेडात धरले आणि म्हणाले, "कडेला तांबडा."

मित्रांनो, माझ्या कडेला तांबडा रंग नाही. निळा आहे. मला वाटले, जीभ घसरली असेल. पण पुढच्या रविवारी ते रंगाबद्दल काही बोललेच नाहीत. मला डोळ्यांजवळ नेले, लांब नेले, मान वाकडी करून कडेने पाहिले. त्यांची नजर माझ्यावरून घसरून जात होती. सुलोचनाबाई भाजी निवडत होत्या, त्यांना काहीच कळले नाही. मला कळले होते, पण मला सांगता येत नव्हते. माझ्याकडे पाहणारा एकच माणूस होता आणि त्याला मी दिसेनासा झालो होतो.

पुढे एकदा मी त्यांच्या बोटांतून निसटून फरशीवर पडलो. ते गुडघ्यांवर बसून हाताने मला चाचपू लागले. मी त्यांच्यासमोरच, टिपॉयच्या पायाशी पडलो होतो. सुलोचनाबाई स्वयंपाकघरातून आल्या, थोडा वेळ दारातच थांबल्या. मग त्यांनी मला उचलून जगदेवरावांच्या तळहातावर ठेवले आणि विचारले, "कधीपासून दिसत नाहीये?"

जगदेवराव म्हणाले, "उन्हाळ्यापासून. मधलं सगळं धूसर दिसतं. तुला घाबरवायचं नव्हतं."

डॉक्टरांनी सांगितले, डोळ्याचा पडदा खराब झालाय. कडेचे दिसत राहील, मधले परत येणार नाही. त्या दिवसानंतर त्यांनी खण उघडला नाही.

दिवाळीला त्यांची मुलगी सोनिका इंदूरहून आली. धनत्रयोदशीच्या दुपारी जगदेवराव शेजाऱ्यांच्या सोबतीने नई सडकेच्या बाजारात पणत्या आणायला गेले होते. कपाट उघडले. खण बाहेर आला. मला आनंद झाला, कारण इतक्या दिवसांनी उजेड दिसला होता.

"आई, देख ना, किती काळे झालेत हे," सोनिका म्हणाली. "पप्पांना दिसणार कसे? त्यांचे डोळे कमजोर, आणि त्यात हे असे. चमकवून देऊ. एकदम सरप्राईज."

"त्यांना विचारलं असतं तर?"

"विचारलं तर सरप्राईज कसं राहील? तू बघ, किती खूश होतात ते."

सुलोचनाबाई खणाकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "जाऊन जाऊन एकच तर नाद होता त्यांना. दिसलं तर बरंच होईल."

सोनिकाने पिशवीतून चांदी उजळण्याच्या औषधाची बाटली काढली आणि झाकण फिरवले. काचेच्या वाटीत औषध ओतले. ते पाण्यासारखे दिसत होते. तिने माझ्या शेजारच्या राणीच्या रुपयाला त्यात सोडले.

ओरडायला मला तोंड नव्हते. गुलाबी रंग गेला. हिरवा गेला. दीडशे वर्षांचे जे काही होते ते एका श्वासात वाटीत विरघळले आणि खोलीत सडक्या अंड्यासारखा वास पसरला. तिने त्याला बाहेर काढले तेव्हा तो पांढरा होता, कालच घेतलेल्या चमच्यासारखा. मी त्याला ओळखले नाही.

"बघ, किती सुंदर निघाला," सोनिका म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. बापाला काहीतरी परत दिल्याचा आनंद होता तो. तोच हात माझ्याकडे आला.

भट्टीपुढे मला इतकी भीती वाटली नव्हती. भट्टीला माझ्याशी काही देणेघेणे नव्हते. या मुलीचे तिच्या वडिलांवर प्रेम होते, त्यामुळे ती थांबण्याचे काही कारणच नव्हते. तिने मला कडेने धरले. धरायचे कसे तेही ती वडिलांकडूनच शिकली होती. मी उभा औषधात गेलो. थंडगार लागले. कडेचा निळा सुटला, जांभळा सुटला, औषध राजाच्या हनुवटीपर्यंत चढले.

"हा कसला वास?"

जगदेवराव दारात उभे होते. हातात पणत्यांची पिशवी. त्यांना वाटी दिसत नव्हती, खण दिसत नव्हता. पण तो वास त्यांनी सराफ्यात अनेकदा घेतला होता.

"सोनिका, हातात जे असेल ते बाहेर काढ. आत्ता."

तिने मला ओढून बाहेर काढले. ते चाचपडत आले, तिच्या हातातून मला घेतले आणि मोरीवर जाऊन नळाखाली धरले. मग सोनिका रडू लागली.

"पप्पा, मला वाटलं, तुम्हाला दिसेल."

जगदेवराव खुर्चीवर बसले. "कितीक झाले?" त्यांनी विचारले.

"एक पूर्ण. एक अर्धा," सुलोचनाबाई म्हणाल्या.

त्यांनी पूर्ण झालेला रुपया मागितला. खिडकीशी धरून मान वाकडी केली. उन्हात तो लखकन चमकला आणि जगदेवराव दचकले.

"हा दिसतोय मला," ते म्हणाले.

बाटली अजून टेबलावर, उघडीच होती. ते तिच्या दिशेने बघत राहिले, निदान मला तरी तसे वाटले. खणात आम्ही कितीतरी जण होतो. त्यांनी होकार दिला असता, तर संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे पांढरे झालो असतो, आणि त्यांना आम्ही सगळे दिसलो असतो. नजर गेलेल्या माणसाने काय निवडावे? मी त्यांना दोष देऊ शकलो नसतो. पण माझी भीती काही कमी झाली नाही.

मग त्यांनी तो रुपया खाली ठेवला.

"दिसतोय, पण एक पांढरा ठिपका दिसतोय. सगळे उजळले तर सगळे ठिपकेच दिसतील. कोण कुठला ते कसं कळणार?" त्यांनी मला पुढे केले. "सुलोचना, याच्या राहिलेल्या अर्ध्यावर काय आहे ते सांग."

"मला काय समजतं त्यातलं?"

"समजायला नको. दिसतं ते सांग."

सुलोचनाबाईंनी मला हातात घेतले. इतकी वर्षे त्याच घरात राहून त्यांनी मला असे पाहिले नव्हते. आधी त्या नुसत्याच बघत राहिल्या. मग त्यांनी मला तिरपे केले, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"वरच्या कडेला निळं आहे. मोराच्या मानेसारखं. त्याच्या आत वांग्याचा रंग, कोवळ्या वांग्याचा. आणि गालावर... साजूक तूप कढताना शेवटी येतो नं, तसा."

जगदेवरावांनी डोळे मिटले होते. "हो," ते म्हणाले. "हाच तो."

त्या संध्याकाळी सोनिकाने ते औषध मोरीत ओतून दिले. तिला कोणी काही बोलले नाही. ती स्वतःच दुसऱ्या दिवशी वडिलांजवळ बसली आणि म्हणाली, "पप्पा, खरा रंग आणि खोटा रंग कसा ओळखायचा, ते मला शिकवा." ते शिकवू लागले.

माझा दर्जा गेला, मित्रांनो. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. झीज नाही, सोंड शाबूत आहे, तरी धुतलेल्या नाण्याला जाणकार माणूस चांगला दर्जा देत नाही. मी अर्धा रंगीत आणि अर्धा पांढरा आहे, आणि मधे औषधाची रेघ स्पष्ट दिसते. प्रदर्शनात मला कोणी मांडणार नाही. पण रविवारी खण पुन्हा उघडतो. सुलोचनाबाई आमचे रंग सांगतात, कधी भाजीचे, कधी लुगड्यांचे, आणि जगदेवराव ऐकतात. मागच्या रविवारी त्या माझ्याजवळ आल्या आणि थांबल्या.

"पांढऱ्या बाजूला काही दिसतं का?" जगदेवरावांनी विचारले.

"हो. अगदी फिकट पिवळं. आधी नव्हतं."

"येतंय मग," ते म्हणाले. "पण त्याला वेळ लागेल."

किती वेळ, ते मला ठाऊक आहे. निळ्यापर्यंत पोचायला एक आयुष्य पुरत नाही. तोवर ही दोघे नसतील, खण दुसऱ्या घरी गेलेला असेल, आणि कोणाच्या तरी मनात येईल की हा रुपया जरा उजळून टाकावा. या विचाराने मला झोप येत नाही. तो कोणीतरी कदाचित तुमच्यापैकीच असेल. म्हणून आज हे सगळे सांगितले. जुनी वस्तू हातात आली, की ती घासण्याआधी तिच्या माणसाला विचारा. माणूस उरला नसेल, तर तिला उजेडात तिरपे धरून नीट बघा. आणि मला उचलाल तेव्हा, मित्रांनो, कडेने धरा.