चांद्याचा कासरा

गावात दोन नावा आल्या आणि गावाचे दोन तुकडे झाले.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या सामानाचे लिलाव झाले, त्यात नांदुऱ्याच्या एका व्यापाऱ्यानं त्या उचलल्या होत्या. दोन्ही जर्मनच्या. म्हणजे घरात ज्याची गंज-पातेली असतात त्याच पांढऱ्या, हलक्या धातूच्या. दोन्हींच्या ढुंगणाला इंजिन टांगायची सोय होती. गाडीवर घालून आणल्या तेव्हा ज्येष्ठाच्या उन्हात त्यांच्याकडं पाहवत नव्हतं. म्हाताऱ्या गोजरबाईनं एकीवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाली, एवढ्यात साऱ्या गावाचे गंज झाले असते.

व्यापाऱ्याचं म्हणणं सरळ होतं. नदीच्या डोहात चालवून पाहा, एक ठेवा, दुसरी माघारी पाठवा. मोल दोन्हींचं सारखंच होतं, तेव्हा पैशावरून भांडायची सोय नव्हती. पण आमच्या गावाला भांडायला कारण लागतं असं कुणी सांगितलं?

एक नाव अरुंद होती, पुढून चोचीसारखी निमुळती. भोयाचा निवृत्ती व्यापाऱ्याच्या माणसाकडून इंजिन शिकला होता. त्यानं दोरी ओढली आणि ती अशी पळाली की काठावरची पोरं तिच्यामागं धावून दमली. पण तिच्यात पाच-सहा माणसं दाटीवाटीनं बसणार, जनावराचं नाव नाही. दुसरी रुंद, चपट्या बुडाची, थेट काठवट. तेच इंजिन तिला लावलं तर ते कण्हत कण्हत ढकलायचं. पण उकंडराव मधोमध उभे राहून नाचले तरी ती हलली नाही, आणि उकंडराव काही अंगानं हलके नव्हते.

आमची निम्मी जमीन पूर्णेच्या पलीकडं. काळी, खोल, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशी. उन्हाळ्यात गाडी पात्रातून जाते. श्रावणात नदी दोन्ही दरडी धरून चालते, आणि पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तण काढायला डवरे धरायचे दिवसही तेच. डवऱ्याला बैल लागतात. जुनी लाकडी नाव फुटली तेव्हापासून दोन पावसाळे पलीकडं कुंदा आणि हराळी माजली होती. त्यामुळं रुंद नाव घ्यायची हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

पण निवड शेषरावांच्या हाती होती. ती आम्हीच त्यांच्या हाती दिली होती, कारण जुन्या नावेनं त्यांचा भगवान नेला होता. मिसरूड फुटलेलं, हसतमुख पोरगं. त्या दिवशी नवा घेतलेला चांद्या बैल नावेत होता आणि त्याचा कासरा भगवानच्या मनगटाला गुंडाळलेला. कासरा हातातून निसटू नये म्हणून आम्ही सगळेच तसा गुंडाळायचो, आमचे बापही गुंडाळायचे. मधल्या धारेत वाहत आलेलं बाभळीचं झाड नावेला लागलं, फळी फुटली, चांद्या बुजून उडाला. बैल पैलतीरी निघाला. त्याच्यामागं कासऱ्याला भगवान निघाला, तो जिवंत नव्हता.

शेषरावांनी त्या बैलाला पुन्हा हात लावला नाही आणि तो विकलाही नाही. वैरणपाणी झुंबरबाई करायच्या, त्यांच्या मालकीण, भगवानची आई. त्या मात्र तेव्हापासून नदीवर आल्या नाहीत. धुणं गावातल्या खाऱ्या विहिरीवर धुवायच्या, साबणाला फेस येत नसे तरी.

तर शेषरावांनी दोन्ही नावा पाहिल्या आणि म्हणाले, "हे लहानी घ्या."

काठावर एकच गलका झाला. शेषराव म्हणत होते, पुरात वेग पाहिजे, रुंद नाव धारेला आडवी होईल. म्हणणं खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हे हे आम्हाला दिसत होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याला काय बोलणार. उकंडरावांना मात्र गप्प बसता येत नाही, हा त्यांचा जन्माचा रोग.

"शेषराव, त्या चोचीवाल्या नावेत बैल बसत नाई. डवरे का मानसाच्या खांद्यावर देऊन राह्यले? नाव आली हाय तं कामाची घ्या. नाई तं बैल गेला अन् झोपा केला, असं होईन."

बोलून गेले आणि त्यांनीच जीभ चावली.

"बैल नाई गेला, उकंडराव," शेषराव म्हणाले. "बैल घरी हाय."

शेवटी उकंडरावच पडेल आवाजात म्हणाले, की आपण कशाला भांडायचं, बैलालाच विचारू. ज्या नावेत तो पाय टाकील ती ठेवू, आणि नाहीच टाकला तर शेषरावांची लहानी. हे सगळ्यांना पटलं. आमच्याकडं नवी गाडी, नवा गोठा, सगळं बैलाला विचारूनच होतं. आता बैल कुणाचा, यावर नवं भांडण लागलं. डोहावर आपला बैल द्यायला एकही जण तयार होईना. एक पोरगा उगाच गावात धावत गेला, कुणाचा मिळतो का पाहायला.

थोड्या वेळानं दरडीवरून झुंबरबाई उतरताना दिसल्या. हातात कासरा, मागं चांद्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या नदीवर येत होत्या. बायांनी आपोआप वाट सोडली.

"तू काऊन आली?" शेषराव म्हणाले.

"बैल पाह्यजे होता म्हने. आनला."

निवृत्तीनं रुंद नावेच्या तळाला पोती आणि तुराट्या अंथरल्या होत्या, नाल वाजू नयेत म्हणून. चांद्यानं पोतं हुंगलं, एक पाय टाकला, मग दुसरा, आणि गोठ्यात शिरावा तसा आत जाऊन उभा राहिला. शेपटीनं माशा हाकलू लागला. लोकांना आनंद झाला. मी शेषरावांकडं पाहिलं आणि माझा आनंद जागीच विझला. ज्यानं पोरगं नेलं तो बैल असा सहज नावेत चढावा, हे त्यांना सोसत नव्हतं.

"काढ त्याले बाहेर," ते म्हणाले. "लहानीच घ्याची. माह्या डोयादेखत बैल नावेत जानार नाई."

"बैलाचा गुन्हा काय हाय?" झुंबरबाईंनी विचारलं.

"त्यानं उडी मारली."

"मारली. म्या भाकर घेऊन आलती, इथंच उभी होती." त्यांचा आवाज चढला नाही, भांडायला आल्यासारख्या त्या नव्हत्याच. "तुमी नावेच्या दुसऱ्या टोकाले होते. तुमी वरडले, थे आयकलं म्या. 'भगवान, सोडू नको, नवा बैल हाय.' त्यानं नाई सोडला. लहानपनापासून तुमचं आयकत होता, तवाबी आयकलं."

शेषरावांची नजर बैलावरून कासऱ्यावर गेली.

"दोघाईले पोहता येत होतं," झुंबरबाई म्हणाल्या. "बैलालेबी अन् माह्या पोरालेबी."

हे दोन वर्षं त्यांनी पोटात ठेवलं होतं. त्याच घरात, त्याच चुलीपुढं, त्याच माणसाला वाढत. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. उकंडराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभे होते.

"नाव कोनतीबी घ्या," जाता जाता त्या म्हणाल्या. "पन कासरा मनगटाले गुंडाळू नका. कोनाच्याच."

रुंद नाव राहिली, अरुंद नांदुऱ्याला परत गेली. कुणी शेषरावांना विचारलं नाही, त्यांनी अडवलंही नाही. त्यानंतर ते चावडीवर यायचे बंद झाले. आखाड लागला, पूर्णा गढूळ होऊन वाढू लागली, आणि शेषराव ओसरीवर बसून गोठ्याकडं पाहत राहायचे. घरात दोघं बोलतात की नाही, हे शेजारी राहून मला कळलं नाही.

श्रावणात उघडीप पडली आणि पलीकडची पऱ्हाटी गवतानं दाबली. बैल न्यायची वेळ आली. एका खेपेला एकच बैल जायचा. पहिली खेप कुणाची यावर आम्ही एकमेकांकडं बघत होतो, तर शेषराव स्वतः चांद्याला घेऊन दरड उतरले. कुणाशी न बोलता त्याला नावेत चढवला आणि कासरा धरून शेजारी उभे राहिले. झुंबरबाई मागून आल्या आणि माझ्याजवळच्या दगडापाशी थांबल्या.

नाव मधल्या धारेत गेली आणि इंजिन खोकलं. राशनचं पेट्रोल, त्यात कुणी किती रॉकेल घातलं असेल देव जाणे. ते दोनदा धडधड वाजलं आणि बंद पडलं. चांद्या बुजला. पुढचे पाय नावेच्या कडेवर टाकून त्यानं थेट पाण्यात उडी घेतली.

झुंबरबाईंनी डोळे गच्च मिटले.

आम्ही मात्र पाहत होतो. कासरा शेषरावांच्या उघड्या तळहातावर नुसता ठेवलेला होता. तो सरसर निघून गेला. त्यांनी मूठ मिटली नाही, आणि ओरडलेही नाहीत. पाण्यावर चांद्याची शिंगं आणि नाकपुड्या तेवढ्या दिसत होत्या. धारेनं त्याला थोडं खाली नेलं, मग त्याचे पाय लागले, आणि तो गाळातून वर चढला, अंग झाडलं आणि सरळ कुणाच्या तरी शेतात शिरून चरायला लागला. निवृत्ती वल्ह्यानं नाव सावरत हसला, आणि काठावर आम्हीही सुटल्यासारखे हसलो.

"बैल निघाला का?" झुंबरबाईंनी विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

"निघाला, वयनी."

"कासऱ्याले कोन हाय?"

"कोनी नाई. मोकळा हाय."

तेव्हा त्यांनी डोळे उघडले. चांद्या पैलतीरी चरत होता. नावेत शेषराव खाली बसले होते, रिकामा तळहात समोर धरून. त्यांचे ओठ हलत होते, पण एवढ्या दुरून ऐकू येत नव्हतं. ते काय म्हणत होते हे निवृत्तीनं आम्हाला नंतर सांगितलं.

"एवढंच कराचं होतं," असं ते म्हणत होते. "एवढंच कराचं होतं."